मागचं डावं चाक

बसवराज आप्पांनी माझं नाव विचारलं ते ओळख होऊन सहा महिने झाल्यावर. माझ्या स्कूटरच्या मागच्या टायरची चौकशी मात्र पहिल्याच दिवशी केली. मी तेव्हा अहमदपूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला नवीन आलो होतो आणि लातूर रोडला, आप्पांच्या टायरच्या दुकानासमोरच, घर घेतलं होतं. शेजारधर्म म्हणून नमस्कार करायला गेलो, तर हा गृहस्थ उकिडवा बसून माझ्या टायरच्या नक्षीत अंगठा खुपसत होता. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हात कोपरापर्यंत काळे.

"सर, ब्रेक लई दाबता तुमी," ते खालूनच म्हणाले. "भित्रे हाव."

दोन्ही खरं होतं. घर्षण हा विषय मी वीस वर्षं शिकवतोय, पण नुसत्या टायरवरून माझा स्वभाव ओळखणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा रागच आला.

आप्पांची माणसं पारखण्याची सगळी पद्धतच अशी. त्यांच्या मुलीला, लीलाला, बघायला पाहुणे आले होते तेव्हाची गोष्ट सगळं गाव सांगतं. पाहुणे घरात पोहे खात होते आणि आप्पा बाहेर त्यांच्या जीपभोवती फिरत होते. आत येऊन त्यांनी हात जोडले आणि जमणार नाही म्हणून सांगितलं. नंतर भावकीने फैलावर घेतलं तेव्हा म्हणाले, "चार टायर चार कंपन्यांचे. त्या घरात कुणाचं कुणाशी पटत न्हाई." लीला तेव्हा दुकानात दुसऱ्याच एका जीपखाली पडून नट आवळत होती. तिनं खालूनच हसून दाद दिली म्हणतात.

लीला एकुलती एक. शाळेत असतानाच आई गेली, तेव्हापासून ती दुकानातच वाढली. पुढे नांदेडला ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला आणि तिथून थेट तमिळनाडूत, मोटारींच्या शर्यतीत उतरणाऱ्या एका संघात नोकरीला लागली. शर्यतीची गाडी मधेच टायर बदलायला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला ठरवून दिलेल्या जागी, थांबते. चार चाकांना चार माणसं असतात. मागचं डावं चाक लीलाकडे.

तेव्हापासून आप्पांना शर्यतीचं वेड लागलं. जिंकणाऱ्या ड्रायव्हरचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. "ड्रायव्हर काय, ॲक्सिलेटरवर समदेच पाय देतेत," ते म्हणायचे. "शर्यत टायर जिंकतं." दुकानात हवा भरायला आलेल्या कुणालाही ते समजावून सांगत. मऊ टायर म्हणजे नवा जावई, चार दिवस लई पळतो. कडक टायर म्हणजे यस्टीचा ड्रायव्हर, सावकाश जाईल पण पोचवेल. मऊ कधी उतरवायचं आणि कडक कधी चढवायचं, एवढ्यावर सगळा खेळ. लवकर थांबलात तर शेवटी टायर गोटा होणार, उशिरा थांबलात तर तोवर मागचा पुढे जाणार. मी एकदा घर्षणाचा गुणांक मधे घातला. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या पुढच्या चाकात हवा कमी असल्याचं सांगितलं.

आता त्यांच्या हाताबद्दल सांगायला हवं. चाक बसवून झालं की आप्पा टायरला तळहात लावतात, तो कपाळाला टेकवतात आणि पुटपुटतात, "जा, ये परत." ट्रक असो, स्कूटर असो, अर्धापूरहून केळी घेऊन निघालेला टेम्पो असो. का, म्हणून मी विचारलं होतं. म्हणाले, "आपल्या हातातून चाक जातं, सर. पुन्हा दिसंल न दिसंल." लीला कोइमतूरच्या वाटेला लागली त्या दिवशी त्यांनी बसस्टँडवर एसटीच्या मागच्या चाकालाही हात लावला होता. कंडक्टरला वाटलं, पंक्चर आहे. तो सगळ्यांना खाली उतरवायला निघाला होता.

हीच सवय लीलाने उचलली, आणि घात झाला.

शर्यतीत चार सेकंदांत चार चाकं बदलतात. मागच्या शर्यतीत लीलाने चाक बसवलं, नट आवळला आणि टायरला हात लावून हेल्मेटला टेकवला. एक सेकंद गेला. आत शिरताना तिसरी असलेली गाडी बाहेर पडली ती चौथी. बक्षिसाच्या पायरीवर तिघंच उभे राहतात. संघाच्या मॅनेजरने तिला सांगितलं, हे पुन्हा झालं तर चाकावरून काढून गोदामात टायर पुसायला बसवीन.

लीलाने हे फोनवर सांगितल्यावर आप्पांनी दोन दिवस कुणाच्या टायरची चौकशी केली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "खोड माझी हाय, सर. लेकराला सोड म्हणायचं आन् आपुन धरून बसायचं, हे जमत न्हाई. आधी मी सोडतो."

मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. चाक बसवलं की आप्पा आपला उजवा हात डाव्या हाताने गच्च धरून उभे राहायचे. गिऱ्हाईक घाबरून विचारायचं, आप्पा, दुखतंय का? पाचव्या दिवशी एक केळीवाला औशापर्यंत जाऊन माघारी आला. त्याच्या चाकाला आप्पांचा हात लागला नव्हता आणि त्याची पुढे जायची छाती होईना. टेम्पोत केळी पिकत होती, आप्पा नाही म्हणत होते, तो हलत नव्हता. शेवटी आप्पांनी हात लावला. साठीचा माणूस भर रस्त्यात खाली मान घालून उभा राहिला.

"मला पाच दिसांत ही खोड सुटंना, सर," ते म्हणाले. "तिला चार सेकंदात कसं जमावं?"

रविवारी दुपारी पुढची शर्यत होती. दुकानातला टीव्ही रबराच्या धुळीने आंधळा झालेला, म्हणून आप्पा आमच्याकडे आले. हात तीनदा धुतले होते, तरी काळेच. माझी बायको स्वच्छतेच्या बाबतीत नवऱ्यालाही सूट देत नाही. तिने सोफ्यावर चादर अंथरली आणि आप्पा चादरीच्या काठावर बसले.

चाळीस फेऱ्या, मधे एकदा टायर बदलणं सक्तीचं. लीलाच्या संघाची निळी गाडी तिसरी धावत होती, तिच्या पाठोपाठ एक लाल. अठराव्या फेरीला लाल गाडी पिटमध्ये शिरली.

"डाव टाकला त्यानं," आप्पा म्हणाले. नव्या टायरवर लाल गाडी प्रत्येक फेरीला वेळ भरून काढणार होती. निळीला आता जितका उशीर होईल तितकी ती मागे पडणार. मी म्हणालो, मग बोलवा की हिला आत, जणू माझंच कोणी ऐकणार होतं. निळी गाडी समोरून गेली तेव्हा आप्पा पुढे वाकले.

"मागचं डावं गेलं. रबराचे दाणे निघायलेत बगा. उजवीकडची वळणं जास्ती, समदा भार डाव्यावर येतो."

एकोणिसावी फेरी. विसावी. पडद्याच्या कोपऱ्यात दोन गाड्यांमधलं अंतर सेकंदांत दिसत होतं आणि ते आटत चाललं होतं. एका वळणावर निळीचा मागचा भाग घसरला, माझ्या बायकोने माझा दंड धरला. आप्पांचा अंगठा सोफ्याच्या हातात रुतला होता, नेहमी टायरच्या नक्षीत रुततो तसा. मला त्या क्षणी त्या मॅनेजरचा मनापासून राग आला.

एकविसाव्या फेरीला निळी गाडी आत आली.

मागच्या डाव्या चाकाशी हेल्मेट घातलेली एक लहानखुरी आकृती वाकली. जुनं चाक निघालं, नवं बसलं, नट आवळला गेला. आणि लाल गाडी दूरवरून सरळ रस्त्यावर दिसू लागली. लीलाचा हात टायरकडे निघाला. मला स्पष्ट दिसला.

हात अर्ध्यावर थांबला, त्याची मूठ झाली आणि तो वर गेला. काम झालं, ही पिटमधल्या माणसांची खूण.

गाडी सुटली. आणि नेमक्या त्याच वेळी आप्पा उठून टीव्हीपुढे उभे राहिले. लाल गाडी पुढे गेली की निळी, हे कळायला फक्त एक क्षण होता आणि त्या क्षणी मला आप्पांचा सदरा दिसत होता. मी जवळजवळ ओरडलोच, आप्पा, सरका. ते सरकले तेव्हा निळी पुढे होती, लाल तिला अगदी चिकटून.

उरलेल्या फेऱ्या आम्ही कशा काढल्या ते विचारू नका. लाल गाडी सारखी अंगावर येत होती. पण तिचे टायर तीन फेऱ्यांनी जुने होते, आणि शेवटी शेवटी आप्पा म्हणाले तसंच झालं, तीच वळणांवर घसरायला लागली. निळी तिसरी आली. मी आप्पांना मिठी मारली. माझा शर्ट गेला.

अर्ध्या तासाने लीलाचा फोन आला. हात काळे असतात म्हणून आप्पा फोन कधी कानाला लावत नाहीत, स्पीकरवरच बोलतात.

"आप्पा, बगितलं का? हात न्हाई लावला मी."

"बगितलं, माय."

मग तिचा आवाज बारीक झाला. "पर गाडी गेली आन् काहीतरी इसरल्यावानी झालं. शेवटपतोर जीव थाऱ्यावर नव्हता माझा."

"काई इसरलं न्हाई," आप्पा म्हणाले. "तुज्या वाटचा म्या लावलाय हिकडून."

तेव्हा कुठे माझं टीव्हीकडे लक्ष गेलं. पडद्यावर डाव्या बाजूला, खाली, पाच बोटांसकट एक काळा तळहात उमटला होता. आप्पांना तो माझ्यानंतर दिसला. ते ओशाळले आणि माझ्या बायकोकडे फडकं मागू लागले.

"राहू द्या, आप्पा," ती म्हणाली. "लीला येईल तेव्हा पुसू."