दादाचा चमचा आणि माझं अंडं

ज्याच्याकडचा इलेक्ट्रॉन जातो, त्याच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह का काढतात? गेलंय ना त्याचं? हा प्रश्न मी नववीत असताना दादाला विचारला. दादा तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होता. "दहावीत गेलास की सांगतो," तो म्हणाला. मी दहावीत गेलोच नाही, स्कूटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दादा यंगजू गावातल्या शाळेत मास्तर झाला, शेकडो पोरांकडून मूलद्रव्यांचा तक्ता पाठ करून घेतला आणि गेल्या वर्षी हृदय बंद पडून गेला. प्रश्न तसाच राहिला.

परवा त्याचं पहिलं वर्षश्राद्ध होतं. नैवेद्याच्या पाटावर मांडायची तीन अंडी उकडायचं काम वहिनीने माझ्याकडे दिलं. (यात बिघडण्यासारखं काही नाही, असं ती म्हणाली. वहिनी हुशार आहे, फक्त माझ्या बाबतीत तिचा अंदाज चुकतो.) शेजारीच दादाचा चांदीचा चमचा घासूनपुसून ठेवला होता. संध्याकाळी तो भाताच्या वाडग्यात उभा रोवायचा, म्हणजे दादा जेवणार. मला वाटलं, आपणही एकदा या चमच्याने खावं. वर्षभरात त्याच्यासोबत जेवलो नव्हतो. एक अंडं सोललं, चमच्याने बलक खरवडून तोंडात कोंबला. दुसरं सोलेपर्यंत चमचा काळा पडला.

तेवढ्यात आत्या येताना दिसली. मी घाबरून चमचा जवळच्या पातेल्यात टाकला. पातेल्यात मुळा घातलेला मांसाचा रस्सा होता. आत्याने येताच तोच ढवळायला घेतला आणि पळीबरोबर चमचा वर आला.

आमच्याकडे चांदी काळी पडली म्हणजे अन्नात विष, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आत्याने सावकाश वहिनीकडे पाहिलं.

"रस्सा कोणी केला?"

"मी केला, आत्याबाई."

"धडधाकट भाचा माझा. जेवून उठला आणि गेला. वर्षभर मनात होतं, बोलले नाही. आता भाऊबंद जमू देत, सगळ्यांना हा चमचाच दाखवते."

वहिनी पांढरीफटक पडली. मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण तोंडात बलक होता. तो गिळून म्हणालो, "आत्या, ते माझ्या अंड्यामुळे झालंय."

"तू तिचीच बाजू घेणार. दोन वेळा तिच्याच हातचं गिळतोस."

गडबड ऐकून पुतणी सोल-बी बाहेर आली. अकरावीत आहे. वडील गेल्यापासून तिने रसायनशास्त्राच्या पुस्तकाला हात लावला नव्हता. त्यांचा भिंतीवरचा तक्ताही गुंडाळून कपाटामागे टाकला होता. तिने चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, अंडं खाल्लंस?"

"एकच."

ती आत गेली, तक्ता घेऊन आली आणि जमिनीवर पसरला. "आजी, हे बघा. डावीकडचे इलेक्ट्रॉन देणारे. उजवीकडे जावं तसा हात आखडत जातो. शेवटची उभी रांग सोडली, तर इकडचे दुसऱ्याचं ओढूनच घेतात. अंड्यातलं गंधक इथे बसतं. चांदीचा ऑक्सिडीकरण अंक होता शून्य. गंधकाने तिचा एकेक इलेक्ट्रॉन ओढला, ती झाली अधिक एक. म्हणून काळी पडली."

"कागदावर काहीही लिहितात," आत्या म्हणाली.

मला राहवेना. मी आत्याच्या अंबाड्यातली चांदीची काडी उपसली आणि रश्श्यात बुचकळली. (तिचे केस मोकळे सुटले. अशी ती मी कधीच पाहिली नव्हती, आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही.) पाच मिनिटं झाली, काडी लखलखीत. मग ती सोलून ठेवलेल्या दुसऱ्या अंड्याच्या बलकात खुपसली. काळी झाली.

आत्याने काडी माझ्या हातातून घेतली आणि पुसून पाहिली. "माझ्या आईची आहे ती," एवढंच म्हणाली.

"गंधकाकडून काढून घे की परत," मी सोल-बीला म्हणालो.

"ते परत देत नाही, काका. दुसऱ्या कोणीतरी भरून द्यावं लागतं. अ‍ॅल्युमिनियम देतं, एकटं तीन."

"आणि देऊन त्याचं काय होतं?" आत्याने विचारलं.

"अधिक तीन."

"देऊन अधिक कसं?"

जन्मात पहिल्यांदा मला आत्याविषयी माया वाटली. आम्ही दोघं सोल-बीच्या तोंडाकडे बघत बसलो. "ते बाबा सांगायचे," ती म्हणाली आणि पाणी उकळायला गेली.

पातेल्यात अ‍ॅल्युमिनियमचा कागद, खायचा सोडा, गरम पाणी, त्यात चमचा आणि काडी. दोन्ही उजळली. घरभर सडक्या अंड्याचा वास सुटला आणि त्याच वेळी भाऊबंद दारात आले. सगळे माझ्याकडे बघू लागले. आत्याने खुलासा केला नाही. पण वहिनीने वाढलेला रस्सा सगळ्यांच्या आधी तिने चाखला आणि म्हणाली, "मीठ बरोबर आहे."

संध्याकाळी वहिनीने भात वाढला. सोल-बीने चमचा रोवला. मी उरलेलं एक अंडं हाताने सोललं, पुसलं आणि दादाच्या भातापासून वीतभर लांब ठेवलं.

"अजून लांब," आत्या म्हणाली.

मी आणखी वीतभर सरकवलं.