पीपी लिंबाजीकाका

फोन वाजला की लिंबाजीकाका आधी पायात चपला घालायचे आणि मग फोन घ्यायचे. घरात तारेचा फोन होता तोवर हे एकवेळ ठीक होतं, पण पुढं खिशात मोबाइल आला तरी तेच. जेवताना वाजला तर ताटावरून उठायचं, उंबऱ्याशी जाऊन चपला चढवायच्या, मगच "हालो". तोपर्यंत निम्म्या वेळा फोन वाजायचा थांबलेला असे. त्याचं काकांना काही वाटत नसे. "ज्याला गरज हाय तो पुन्हा करते," म्हणत ते चपलांसकट ताटावर येऊन बसत आणि सरूकाकू त्यांना चुलीपासून हुसकून लावत.

मी साखऱ्याच्या शाळेवर मास्तर म्हणून आलो तेव्हा काकांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. मला नसत्या चौकशांची खोड आहे. दुसऱ्याच आठवड्यात मी काकूंना विचारलं, की फोनाचा आणि चपलांचा संबंध काय?

"संबंध कसा न्हाई?" काकू म्हणाल्या. "फोन कुटं आमचा असते? फोन गावाचा असते. आमचे नुसते पाय."

हे आता समजावून सांगावं लागेल. तेव्हा आमच्या आळीपासून खालच्या तांड्यापर्यंत फोन एकच, काकांच्या ओसरीवर. ज्याच्या घरी फोन नाही त्यानं शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढं 'पीपी' लिहायचं, अशी त्या काळी रीत होती. गावातल्या झाडून साऱ्या लग्नपत्रिकांवर काकांचा नंबर छापलेला असे, खाली 'पीपी लिंबाजीराव'. पाहुण्यांनी फोन केला की काका म्हणत, "दहा मिन्टांनी पुन्हा करा," आणि निघत. तांडा चांगला अर्ध्या कोसावर, पण कधी कुणाला पाठवलं नाही.

मी एकदा म्हटलं, "काका, एखाद्या जाणाऱ्या-येणाऱ्याकडं निरोप द्यावा की."

"न्हाई जमत, गुरुजी. फोनाचं बोलावनं म्हंजे लग्नाच्या अक्षतीवानी असते. सोता जाऊन द्यावं लागते. दुसऱ्याच्या हाती पाठवलं त त्याचा मान राहत न्हाई."

पुढं पुढं गाव त्यांची चाल ओळखायला लागलं. काका खांद्यावरचा पंचा उडवत निघाले की कुणाच्या तरी पोरीला बाळ झालं. नुसतेच निघाले की मुलगा पोचला, पैसे पाठव, बियाणं आण, असलं काहीतरी. आणि काका पंचा हातात गुंडाळून खाली बघत निघाले की बायका दारात येऊन उभ्या राहत आणि ते कुणाच्या दारापाशी थांबतात ते बघत. तसला निरोप त्यांनी कधी नीट सांगितला नाही. "तब्येत नरम हाय म्हनतेत, तुमी निघा," एवढंच. मग तालुक्याला, सेनगावला जाणारी जीप मिळेपर्यंत त्या माणसाच्या बाजूला गप उभे राहत.

फोनापुढं माणसं कशी वागतात हे मला त्या ओसरीवर फुकट बघायला मिळालं. आळीतल्या एका घरची नवी सून होती, गोदा. तिचा नवरा पुण्याला कामाला. एकदा तिचे सासरे लेकाकडं गेले आणि तिथून त्यांनी फोन लावला. काकांनी गोदाला बोलावून आणलं. सासऱ्यांचा आवाज ऐकल्याबरोबर तिनं पदर नाकापर्यंत ओढला, फोन काकांच्या हातात दिला आणि फोनाकडं पाठ करून उभी राहिली. सासऱ्यापुढं तोंड कसं उघडणार? काकांनाच मध्ये पडावं लागलं.

"मामंजी इचारून राहिले, म्हशीनं दूध कमी केलं का?"

गोदानं मान हलवली.

"व्हय म्हनते," काकांनी फोनात सांगितलं. मग पलीकडचं ऐकून तिच्याकडं वळले, "ते म्हनतेत, तोंडानं सांगितलं का मानेनं?" हा संवाद पाव तास चालला. शेवटी गोदानं वाकून फोनाला नमस्कार केला, तोही काकांनी पलीकडं बराबर पोचवला.

मग मोबाइल आले. सेनगावच्या बाजूला टॉवर उभा राहिला आणि गावात पहिला मोबाइल अर्थातच काकांनी घेतला. "मागं राहून जमत न्हाई," हे त्यांचं तेव्हापासूनचं पालुपद. पण गावात रेंज कुठंच येईना. पाणाडी तळहातावर नारळ घेऊन विहिरीची जागा हुडकतो, तसे काका दोन दिवस हातावर मोबाइल धरून गावभर फिरले. अखेर मारुतीच्या देवळामागं, खळ्याच्या कोपऱ्यात दोन दांड्या आल्या. काकांनी तिथं एक मोठा दगड आणून रोवला आणि सगळ्यांना सांगितलं, "ह्या दगडापुढं उभं राहा, तोंड सेनगावाकडं करा, हलू नका."

लोक तिथं येऊन उभे राहायला लागले. मान खाली, एक हात कानावर. कुणी हसतंय, कुणी रडतंय, कुणी "सगळं बरं होईल" म्हणतंय. सहाएक महिन्यांनी काका एका सकाळी गेले तर दगडाला शेंदूर फासलेला, पुढं फोडलेला नारळ. शेजारच्या गावची एक म्हातारी हात जोडून बसली होती.

"अवो बाई, हा देव न्हाई, रेंज हाय!" काका म्हणाले.

"ठावं हाय मला," म्हातारी म्हणाली. "येताजाता बघते मी. सगळे हितं यऊन गाऱ्हानं सांगतेत. मी बी सांगितलं."

पुढच्या वर्षी सगळ्या गावात रेंज आली, पण तो दगड हलवायची कुणाची छाती झाली नाही. आजही त्याला शनिवारी तेल पडतं.

रेंज आली, फोन स्वस्त झाले आणि काकांच्या ओसरीवरची गर्दी पातळ झाली. आमच्याकडं सोयाबीन निघालं की नव्या वस्तू गावात येतात. त्या दिवाळीला घरटी मोबाइल आला. तांड्यावरची माणसं ऊस तोडायला गेली तीसुद्धा मोबाइल घेऊन गेली. कुणाला बोलवायला जायची गरजच उरली नाही. काका ओसरीवर बसून रस्ता बघत. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, सुटलो एकदाचा. काकांनी सेनगावला जाऊन रंगीत पडद्याचा कॅमेरावाला फोन आणला.

पुन्हा लोक आले. काकांनी बैलांचे फोटो काढले, म्हशींचे काढले, माझेही काढले, त्यात मी बैलापेक्षा दमलेला दिसतो. दोन महिन्यांत तसले फोन इतरांकडं आले. मग काकांनी ब्लूटूथवाला आणला. गाणं पाठवायचं असलं की ते दोन्ही फोन एका ताटात शेजारीशेजारी ठेवत आणि वर परात झाकत. "हवा लागली त गानं अर्ध्यात तुटते," असं त्यांचं संशोधन होतं. मी परात काढून गाणं पाठवून दाखवलं. "आज वारं पडलेलं हाय म्हनून गेलं," ते म्हणाले आणि परात पुन्हा झाकली. मग गावातल्या पोरासोरांना ब्लूटूथ कळलं आणि परात काकूंच्या कामाला मोकळी झाली.

शेवटी चायनाचा फोन आला. दोन सिम, टीव्हीची एरियल, पुढं बॅटरी आणि आवाज असा, की पहिल्यांदा वाजला तेव्हा गोठ्यातल्या बैलानं दावं तोडलं. त्याबरोबर आलेली इंग्रजीतली चोपडी मी रोज संध्याकाळी वाचून दाखवायची आणि काकांनी वहीत मराठीत उतरवून घ्यायची, असा आमचा महिनाभर अभ्यास चालला. माझ्या वर्गात एवढं मन लावून कुणी शिकलं नाही.

मला मात्र एकच कुतूहल होतं. हा माणूस एवढे फोन घेतो, ते बोलतो कुणाशी? एकदा तारीख लावायला त्यांनी फोन माझ्याकडं दिला आणि मी, सांगायला लाज वाटते, सगळं उघडून बघितलं. नावं दोनशेच्या वर होती. 'गंगाराम वरली आळी', 'सोनाबाई तांडा', 'गोदा माहेर'. साऱ्या गावाचे सोयरेधायरे त्यात होते. आणि आलेल्या फोनांच्या यादीत एकच नंबर, वरपासून खालपर्यंत. कंपनीचा. गाणं लावा, अमुक दाबा, असं सांगणाऱ्या मुलीचा.

मी काकूंना विचारलं तर त्या हसल्या. "आमाला कोन फोन करनार, गुरुजी? ह्यांचे तिन्ही भाऊ ह्याच आळीत. माजं म्हायेर पलीकडच्या गल्लीत. लेकरूबाळ देवानं दिलं न्हाई. आमची सगळी मानसं हाकंच्या अंतरावर."

त्यानंतर मी लक्ष ठेवून होतो. कंपनीचा फोन आला की काका चपला घालत, उभे राहत आणि त्या मुलीचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेत. मध्ये मध्ये "व्हय बाई", "बराबर हाय" म्हणत. मी म्हटलं, "काका, ती रेकॉर्ड केलेली असते. तिला ऐकू जात नाही."

"असू द्या. ती एवढं बोलून राहिली, आपन काहून मधीच तोडायचं?"

दोन वर्षांनी माझी बदली जवळा बाजारला झाली. निघताना काकांनी माझा नंबर वहीत, दोन्ही सिममध्ये आणि भिंतीवर असा तीन ठिकाणी लिहून घेतला. त्यांनी कधी केला नाही. मी एकदा केला, साखऱ्याच्या शाळेच्या शिपायाचा फोन लागत नव्हता म्हणून. काका जाऊन त्याला घेऊन आले. काकांची स्वतःची चौकशी करायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

एका बाजारच्या दिवशी काकू भेटल्या. आळीतल्या एका बाईबरोबर तिच्या बहिणीकडं आल्या होत्या. मी सहज विचारलं, "काय, नवीन कुठला फोन घेतला काकांनी?"

"घेतला न्हाई अन् घेनार बी न्हाई म्हनतेत." काकूंचा चेहरा उतरला होता. "आता पोरं बोटानं पडदा सरकावनारे फोन आनून राहिले. हे दुकानात जाऊन बघून आले. मला म्हने, सरू, आता न्हाई जमत, किती पळावं? तवापासून फोन फळीवर ठिवला. सवय म्हनून चार्जिंग तेवढी करतेत. ओसरीवर बसत न्हाईत, मारुतीला जात न्हाईत, माझ्याशी बोलत न्हाईत. दोन घास खातेत अन् भिताडाकडं तोंड करून पडतेत. गुरुजी, मला भेव वाटून राहिलं."

त्या गेल्या आणि मी भाजीची पिशवी घेऊन तसाच उभा राहिलो. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. एवढी वर्षं त्या माणसाच्या भिंतीला भिंत लावून राहिलो, त्याच्या चपलांची मजा बघितली, फोन चोरून तपासला, आणि आलेल्या फोनांच्या यादीत आपलंही नाव नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी मी त्यांना फोन लावला. बराच वेळ वाजला. मग आवाज आला, खोल गेलेला.

"हालो. बोला गुरुजी. कोनाला बोलावू?"

"कुणालाच नको, काका. तुम्हालाच केलाय."

मग काकांनी हळूच विचारलं, "कोन गेलं?"

"कुणी गेलं नाही. सगळे बरे आहेत."

"मंग काही काम निघालं शाळेचं?"

"काम नाही काका. तुमची आठवण आली, म्हणून केला."

"अन् दुसरं?"

"दुसरं काही नाही."

उभ्या जन्मात त्यांनी हजारो लोकांच्या हातात फोन दिला असेल, पण आपल्या हातात आल्यावर काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"गुरुजी," ते म्हणाले, "मंग आता म्या काय बोलू?"

"काहीही बोला. रात्री काय जेवलात?"

"भाकर अन् अंबाडीची भाजी," काका म्हणाले. मग म्हणाले की भाजी जरा आंबट झाली होती, पण काकूंना सांगितलं नाही. उजवा गुडघा दुखतो हे बोलले. तुरीला यंदा फूल चांगलं आहे, खोलीत तुमच्या मागून कुणी आलं नाही, संध्याकाळी सुनं सुनं वाटते, हेही बोलले. आवाज हळूहळू वर येत होता. शाळेची घंटा झाली, पोरं प्रार्थनेला उभी राहिली, हेडमास्तर माझ्याकडं बघायला लागले, तरी मी मध्ये तोडलं नाही.

एवढ्यात मागं भांड्याचा आवाज झाला. काकू आल्या असाव्यात. काकांनी फोन तोंडासमोरून बाजूला घेतला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"सरू, अगं सरू! लवकर ये. आपला फोन आलाय, आपला!"