दिघ्यांच्या उठाबशा

आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीत लिफ्टचं दार उघडलं आणि आत एक गृहस्थ भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून, नसलेल्या खुर्चीत बसलेला दिसला, तर किंचाळू नका. ते आमचे शेजारी दिघे. वय पन्नाशीला आलेलं, पोट त्याच्याही पुढे गेलेलं. "या वहिनी, या! मजला येईपर्यंत मांड्या पेटल्या पाहिजेत," म्हणतात आणि घाम पुसतात.

दिघे मूळचे साताऱ्याचे, इथे ऑफिसात मोठे साहेब, घरात एकटे. या उन्हाळ्यापर्यंत दर रविवारी छोले-भटुऱ्यांच्या ठेल्यावर हमखास सापडायचे. मग डॉक्टरांनी काहीतरी सांगितलं आणि माणूस पिसाटलाच. दुधाच्या रांगेत टाचा वर-खाली. माझ्या स्वयंपाकघरात आले की ओट्याला हात टेकून जोर. अहो, ओट्यावर कुकर शिट्ट्या देतोय! बसा म्हटलं की एकच जप, "बसलं की चरबी बसते." चहासुद्धा उभ्याने, बिनसाखरेचा. माझं डोकं फिरायचं.

"भावजी, एखादी जिम लावा ना!"

"स्वतःचं अंग उचलायचं, वहिनी. एवढं वजन कुठल्या जिममध्ये मिळणार, यार?"

मग मात्र चेहरा उतरायचा. "गणपतीत तपासणी आहे. रिपोर्ट चांगला यायलाच हवा. नाही आला तर सगळं संपलं." मला वाटे, शुगर असेल. घाबरट कुठले!

गणपती आले. सोसायटीच्या हॉलमध्ये आरती सुरू झाली आणि मागे दिघे टाळ्यांच्या ठेक्यावर उठाबशा काढू लागले. खन्ना आंटींनी कानाशी येऊन विचारलं, "ये आप लोगों का रिवाज है?" मी आधीच वैतागलेली. म्हटलं, "बिल्कुल!"

दुसऱ्या दिवशी अर्धी सोसायटी कान धरून उठाबशा काढतेय! मला हसू आवरेना.

तेवढ्यात दिघ्यांचा फोन वाजला. ते बाहेर गेले, परत आले आणि सतरंजीवर चक्क मांडी घालून बसले. खन्ना आंटी धापा टाकत म्हणाल्या, "उठिए ना, भाईसाहब!" दिघे हलेनात. मी लगबगीने त्यांच्याजवळ गेले.

"भावजी, रिपोर्ट आला का?"

"पास झालो, वहिनी. चरबी उतरली." आणि ते रडायलाच लागले. "माझ्या दादाचं लिव्हर गेलंय. माझ्यातलं द्यायला गेलो, तर डॉक्टर म्हणाले, यावर चरबी फार, चालणार नाही. स्वतःची शाळा सोडून त्याने मला शिकवलं हो, आणि मी इथे भटुरे खात बसलो. आता चालेल म्हणतात."

किती चिडले होते मी या माणसावर! हातात प्रसादाचा मोदक होता, तोच पुढे केला. "घ्या. आज तरी खा."

त्यांनी मोदकाला नमस्कार केला आणि माझा हात हळूच मागे सारला.

"नको, वहिनी. ते लिव्हर आता दादाचं आहे."