धावणारे, दबा धरणारे आणि औताडे साहेब

औताडे साहेबांनी माझं नाव विचारायच्या आधी मला विचारलं होतं, "मालक, तुम्ही धावणारे का दबा धरणारे?"

शेंद्र्याच्या कारखान्यात मला नोकरी लागून आठवडाही झाला नव्हता. कंपनीच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. सकाळच्या फिरण्याबद्दल विचारत असतील असं समजून म्हणालो, "गुडघे दुखतात हो, हळूच चालतो." त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. बंदुकीचा गेम चालू होता.

खरेदी विभागातला, पन्नाशी उलटलेला, कपाळाला अष्टगंध लावणारा हा माणूस येता-जाता चौघांची टीम करून हा गेम खेळायचा. पण त्यांचा खरा जीव बंदुकीला काय जोडायचं यात. दुर्बीण जवळची का लांबची, आवाज दाबायला सप्रेसर लावायचा का, हादरा सोसायला ग्रिप द्यायची का, गोळ्यांचं मॅगझिन मोठं घ्यायचं का. "बंदूक सगळ्यांची सारखीच असती," ते म्हणायचे, "वरचा साज ज्याच्या त्याच्या सोभावाचा पायजे."

हा सोभाव ओळखायला त्यांना गेमही लागत नसे. एकदा कँटीनमधून आमचे मॅनेजर बूट आपटत गेले, तर हे ताकाचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "सप्रेसर द्या कुणीतरी याला." बायकोबद्दल म्हणायचे, "आमच्या मंडळीला दुर्बीण नकोच. तिला भिंतीपल्याडचंबी दिसतं."

महिन्याभरात मीही टीममध्ये ओढला गेलो. मी हौसेनं सगळ्यात मोठं मॅगझिन लावलं. त्यांनी ते काढायला लावलं.

"तुम्ही घाबरले की बोट उचलतच नाय. गोळ्या कमी असल्या की माणूस जरा दमानं घेतो. ग्रिप लावा, मॅगझिन साधंच ठेवा."

खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी जरा जास्त जगू लागलो. गेममध्ये म्हणतोय.

टीममध्ये तिसरा स्टोअरमधला सलीम. चौथी एक मुलगी, कुठून तरी लांबून खेळणारी. गेममधलं नाव 'खारूताई'. जवळची दुर्बीण लावून ती सगळ्यांच्या पुढं पळायची. औताडे साहेब मात्र लांबची दुर्बीण लावून कुठल्यातरी गच्चीवर पडून असत. शत्रू समोरून निघून गेला तरी गोळी झाडत नसत. खारूताईच्या मागं कुणी लागला, की मात्र बरोबर टिपत.

चमत्कारिक गोष्ट अशी, की दोघं एकमेकांशी बोलत नसत. साहेब मला म्हणायचे, "तिला सांगा, उजवीकडच्या घरात जाऊ नको." तिचा आवाज यायचा, "त्यांना सांगा, मला दिसतंय." माईक सगळ्यांचे चालू. तरी मी इमानेइतबारे निरोप पोचवायचो.

शेवटी एकदा चहाच्या टपरीवर मी सलीमला विचारलं.

"अरे भाई, बेटी है उनकी. मृणाल," तो म्हणाला. "इनोंको गेम उसीने सिखाया. मर्जीसे शादी की, नाशिकको गयी. तबसे बोलणं बंद. फिर एक दिन गेममें उसकी रिक्वेस्ट आयी. साहेबांनी घेतली. बस."

त्यानंतर निरोप पोचवताना मी आवाज जरा खाली आणू लागलो.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सुट्टी होऊन बस निघाली, आम्ही गेम लावला. खारूताई आज पळेना. लांबची दुर्बीण लावून एका भिंतीमागं बसून राहिली. साहेबांनी ते लगेच हेरलं.

"हिनं साज का बदलला? विचारा तिला. बरं नाय का?"

मी विचारलं. ती म्हणाली, "त्यांना सांगा, पाचवा महिना लागलाय. डॉक्टर म्हणाल्या धावपळ नको. आता गेममध्येसुद्धा पळावंसं वाटत नाही."

मी साहेबांकडं वळलो, पण सांगायला काही उरलंच नव्हतं. त्यांचा अंगठा स्क्रीनवर तसाच थांबला होता. कुणीतरी मागून येऊन आमच्या चौघांचाही निकाल लावला.

"तिला विचारा," साहेब मला म्हणाले, "जेवण जातं का." आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच मोबाईल तोंडाशी नेला. "मृणाल, जेवण जातं का गं?"

"जातं, बाबा."

चिकलठाण्याला बस थांबली. माणसं उतरली, बस पुन्हा निघाली.

"मी येऊन जाऊ का? दुपारचा येतो. तुझे ते... कामाला गेले असतील तेव्हा."

"नाही," ती म्हणाली. "तसं नका येऊ. रविवारी या. ते घरी असताना या."

सलीमनं आपला मोबाईल बंद केला आणि खिडकीबाहेर बघू लागला. मलाही कुठं बघावं कळेना.

साहेबांनी एकदा घसा खाकरला. परत खाकरला.

"बरं," ते म्हणाले. "जावईबापूंना गोड काय आवडतं?"