ज्वारीच्या वजनाचा मैदा

"दोन मापटी मैदा आणा. तूप-साखर मी मोजून ठेवली. अन् लवकर या जी, भट्टी थंडी होते!" विमलताईंनी पितळी मापटं सदाशिवरावांच्या हातात कोंबलं.

संध्याकाळी वणीहून त्यांच्या लेकीला, मंजुषाला, पाहायला पाहुणे येणार होते. मुलगा तिला फोटोतच आवडला होता. भीती होती ती त्याच्या आईची. तुळसाबाईंच्या प्रश्नांपुढे आधीच्या दोन मुली रडत आत पळाल्या होत्या, अशी बातमी होती. म्हणून त्यांना खूश करायला घरची नानकटाई. सामान आपलं आणि भट्टी देवीलालची, हा घाटंजीचा रिवाजच होता.

"बाबूजी, मापानं देणं बंद! आता किलो," दुकानदार म्हणाला. "अन् मैद्यात तुमचं मापटं बुडवू नका."

एरवी सदाशिवराव स्वतःची सही करतानाही दोनदा विचार करत. पण किलोग्रॅमवरचं सरकारी पत्रक त्यांनी हौसेनं पाठ केलं होतं. त्यांची छाती एकदम फुगली.

"थांबा! आपण मापट्याचं वजन काढू."

शेजारी ज्वारीचं पोतं उघडं होतं. त्यांनी मापटं त्यात खुपसलं, धान्य मोजायच्या रीतीनं वर टोकदार शीग लावली आणि तराजूत ओतलं. मापटं तेच, म्हणजे वजन तेच! त्याच्या दुप्पट मैदा घेऊन ते जवळजवळ पळतच भट्टीवर गेले.

परातीत गोळा काही वळेना. मुठीत धरला की भुगा.

"काहून वळून नाही राह्यलं हे? किती मैदा आणला?" विमलताईंनी विचारलं.

"बरोब्बर! ज्वारी मोजून आणला."

"ज्वारी? अवो, ज्वारी जड, मैदा हलका! अन् शीगही लावली असंल?"

"लावली ना," सदाशिवराव पुटपुटले.

शेजारच्या लालीबाईनं वाटीभर तूप दिलं. ते मैद्यानं गिळलं. घाबरून सदाशिवरावांनी दुधाचा तांब्या उपडा केला.

"दूध नका टाकू, गोटे होतील!" देवीलाल ओरडला. तोवर तांब्या रिकामा झाला होता.

गोटेच झाले. पण रंग सोनेरी, आणि वास थेट बसस्टँडपर्यंत. विमलताई "पोहेच करते" म्हणत डबा झाकतात, तोच मागून आवाज आला.

"नानकटाई? आमच्यासाठी? मग गरमच खाऊ की!" तुळसाबाई बसमधून उतरून वासामागे आल्या होत्या.

घरी मंजुषानं ताटली पुढे केली. तुळसाबाईंनी अख्खी नानकटाई तोंडात टाकली.

"हं, मुली, तुले..."

पुढचा शब्द आला नाही. असा तोठरा बसला, की जीभ टाळूलाच चिकटली. पाणी प्याल्या, तर मैदा आणखी फुगला. डोळे मोठे झाले, हात हलू लागले, तोंड मात्र बंद. सगळं संपलं, असं वाटून सदाशिवराव दाराआड सरकले.

तुळसाबाईंचे यजमान श्रीकृष्णराव आजवर कुठल्याच बैठकीत बोलले नव्हते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. पुन्हा नीट निरखून पाहिलं. मग घाईघाईनं खुर्ची पुढे ओढली.

"पोरी, आमचा मुलगा तुले पसंत आहे का?"

"हो," मंजुषा म्हणाली.

"अन् तुले रे, मुलगी?" त्यांनी शेजारी बसलेल्या मुलाला विचारलं.

"हो, बाबा!"

"उम्म्! उम्म्!" तुळसाबाईंनी दोन्ही हात हलवले.

"पाहा, हिलेही मंजूर! साखर वाटा!"

निघताना, तुळसाबाई अंगणात चुळा भरत असताना, श्रीकृष्णरावांनी सदाशिवरावांना कोपऱ्यात ओढलं. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"व्याही," ते हळूच म्हणाले, "उरलेली सगळी बांधून द्या जी. घरी लागते."