कारल्याचा ठसा

दिगंबर सोहोनींनी नव्वद दिवसांत बटाट्याला हात लावला नव्हता, आणि ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस अख्ख्या धायरीत शोधूनही सापडला नसता! भाजीवाल्याला ठाऊक होती, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्याला ठाऊक होती. चुकून फोन लागलेल्या एका अनोळखी बाईंनाही त्यांनी ती फोन ठेवायच्या आत सांगितली होती. डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवून भात, बटाटा आणि गोड बंद केलं, तेव्हा घरात सुतक पडलं होतं. पण महिन्याभरात साखर उतरली आणि दिगंबररावांची मान चढली. "अहो, मनाचा निग्रह लागतो. बाकी काही नाही!" हे ते कुणालाही, न विचारता, सांगत.

शेवटी ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष तात्याराव म्हणाले, "सोहोनी, रोज थोडं थोडं सांगण्यापेक्षा रविवारी एकदाच सगळं सांगून टाका. आम्ही खुर्च्या मांडतो."

हे निमंत्रण की टोमणा, याचा विचार न करता दिगंबररावांनी जागच्या जागी विषय देऊन टाकला : 'बटाट्याविना नव्वद दिवस'!

त्यांच्या पत्नीला, सरोजिनीबाईंना, तर आभाळ ठेंगणं झालं. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि हल्ली त्यांना हाताने ठसे उमटवून कार्डं करायचा नाद लागला होता. "निमंत्रण व्हॉट्सॲपवर टाकू," असं तात्याराव म्हणताच त्या उसळल्या. "मुळीच नाही! चाळीस कार्डं मी करते. एकेक, हाताने."

ठशांसाठी त्यांनी तीन मोठे बटाटे आणले. नव्वद दिवसांनी घरात बटाटा! दिगंबररावांची नजर पिशवीवर पडलेली पाहून त्यांनी दम भरला. "याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. हे बटाटे नव्हेत, ही माझी साधनं आहेत."

"मी? अगं, मला आता बटाटा आणि दगड सारखाच!"

बटाटे सोलून अर्धे केले, तेव्हा सहा ठसे झाले. कोयऱ्या, फुलं, एक पान आणि मधोमध उमटवायला कारलं. बाकीचे एका दुपारी झाले, पण कारल्याला दोन दिवस लागले. त्याच्या अंगावरचा एकेक फोड बाईंनी केसांच्या आकड्याच्या टोकाने कोरला होता. ठसा फडक्याने टिपायचा, खायच्या रंगाच्या शाईवर टेकवायचा, जाड कागदावर दाबायचा आणि सरळ वर उचलायचा. जरा हात हलला की कारल्याचा सुरवंट होतो! बुधवारपर्यंत बारा कार्डं झाली. ठसे काळे पडू नयेत म्हणून बाईंनी ते धुऊन, पाण्याच्या भांड्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले.

दिगंबररावांनी कार्डांची चळत पाहिली होती. मोजली नव्हती. आपलं नाव ठळक आहे ना, एवढंच त्यांनी पाहिलं, आणि कार्डं झाली असं धरून चालले.

गुरुवारी सरोजिनीबाई बहिणीकडे, मंदाकिनीकडे, कसबा पेठेत गेल्या. "भाकरी आहे, दुधी आहे, मटकी उकडलेली आहे," एवढं सांगून गेल्या. दुधीचा तो त्या आठवड्यातला तिसरा प्रयोग होता.

दुपारी दोन वाजता दिगंबररावांनी दह्यासाठी फ्रिज उघडला आणि समोर ते भांडं! पाण्यात निवांत पडलेले सहा अर्धे बटाटे. सोललेले. गोरेपान. नव्वद दिवस टिकलेला निग्रह फ्रिजचं दार उघडं राहिल्याची पिपाणी वाजेपर्यंत टिकला.

'कार्डं तर झाली,' त्यांनी स्वतःला समजावलं. 'आता हे टाकूनच देणार. अन्न वाया घालवू नये. एकच घेऊ.'

एकाचे सहा कसे झाले, ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. लोखंडी कढई, सढळ तेल, मोहरी, हिंग, हळद, तिखट. चष्मा लावायला वेळ नव्हता, पण काही काचऱ्या कोयरीच्या आकाराच्या निघाल्या हे त्यांच्या लक्षात आलं. 'काय हात वळतोय आपला!' म्हणून ते खूशच झाले. चुरचुरीत, कडेने लाल झालेल्या काचऱ्या! भाकरीबरोबर, मग दह्याबरोबर, मग कशाहीशिवाय. पुरुषमाणूस विसळतो तशी कढई विसळून त्यांनी मोरीत ठेवली, खिडक्या उघडल्या, उदबत्ती लावली आणि दुधी घडी केलेल्या वर्तमानपत्रातून कचऱ्याच्या गाडीकडे रवाना केला.

चार वाजता कौशल्या आली. वाशीमहून नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्यात आलेली ही बाई सहा वर्षं त्यांच्याकडे भांडी घासत होती. ती मोरीपाशी बसते तोच सरोजिनीबाई परतल्या, आणि पाच मिनिटांत स्वयंपाकघरातून किंकाळी आली.

"माझे ठसे कुठायत?"

"ठसे?" दिगंबररावांनी सावधपणे विचारलं. "कार्डं झाली ना सगळी?"

"बारा झालीत! अठ्ठावीस राहिलीत! माझं कारलं... दोन दिवस घातले हो मी त्यावर!"

दिगंबररावांनी उघडी खिडकी आणखी उघडली.

"कौशल्या, तू फेकलेस ते?"

कौशल्याच्या हातात ती कढई होती. तिने कढईत पाहिलं. मग दिगंबररावांकडे पाहिलं. दिगंबररावांनी पंख्याकडे पाहिलं.

"हो ताई," ती म्हणाली. "मले वाटलं खराब झाले. म्हून फेकून देल्ले."

"सहा वर्षं काम करतेस आणि एका शब्दानं विचारता आलं नाही? फ्रिजला हात लावायला तुला सांगितलं कोणी?"

कौशल्या खाली मान घालून कढई घासत राहिली. दिगंबररावांना एकच वाक्य बोलायचं होतं. त्यांनी घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते असं : "जाऊ दे गं, मोठ्या मनाने माफ कर तिला. होतं माणसाच्या हातून."

स्वतःचा आवाज ऐकून त्यांचे कान तापले. इतकी लाज त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती.

जाताना कौशल्या दारात हळूच म्हणाली, "काका, ताईनं लई हौसेनं कार्डं केले. होऊ द्या तुमचं भाषण. पण गोळी घेजा आठवणीनं."

संध्याकाळी ऑफिसातून जाता जाता मुलगा केयूर डोकावला. "बाबा, संडेच्या आधी एक रीडिंग घेऊ या. स्लाइडवर टाकता येईल!" बोट टोचलं. आकडा आला दोनशे एकतीस.

"मशीन बिघडलंय," दिगंबरराव म्हणाले.

"माझंच चुकलं!" सरोजिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मटकीत गुळाचा खडा टाकला होता मी. सुपारीएवढा. तुम्ही एवढा निग्रह करताय आणि मीच..."

आता ते उठून जमिनीत जायला तयार होते, पण फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता.

शुक्रवारी बाईंनी नवे बटाटे आणून पुन्हा कोरायला घेतले. कोयऱ्या, फुलं आणि पान कसंबसं झालं. कारल्याच्या चौथ्या फोडाला सुरी बोटात शिरली. मग पट्टी बांधून त्यांनी कारल्याचा नाद सोडला आणि त्या जागी दुधी कोरला. दुधी गुळगुळीत, त्याला फोड नाहीत! अठ्ठावीस कार्डांवर दुधी उमटला. दिगंबरराव शेजारी बसून मुकाट्याने ठसे टिपून देत होते. "किती मदत करताय हो!" बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

रविवारी हॉल भरला. तात्यारावांनी प्रास्ताविक केलं. दिगंबरराव उठले. "मित्रहो, मनाचा निग्रह—"

"एक मिनिट!" तिसऱ्या रांगेतून सुनीतीबाई उभ्या राहिल्या. "अध्यक्षांच्या कार्डावर कारलं आहे. माझ्या कार्डावर दुधी का?"

हॉलमध्ये चाळीस कार्डं एकदम उलटसुलट झाली.

"माझ्याही दुधीच!"

"कार्यकारिणीला कारलं, साध्या सभासदांना दुधी! हे कुठल्या ठरावाने झालं?"

"वर्गणी सारखी, मग भाजी का वेगळी?"

तात्याराव थंडपणे म्हणाले, "मला दुधी चालला असता. कुणाला बदलून हवं असेल तर न्या." त्याने आगीत तेलच पडलं. शेवटी पट्टी बांधलेलं बोट वर करून सरोजिनीबाई उभ्या राहिल्या. "कुणी गैरसमज करून घेऊ नका. कारल्याचा ठसा बटाट्यावर कोरला होता. आमच्या कामवाल्या कौशल्यानं तो—"

"तिने नाही!" दिगंबरराव ओरडले. माइक चालू होता, त्यामुळे ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. "तिने नाही फेकला. मी खाल्ला! तो बटाटा मी तळून खाल्ला. सहाही खाल्ले. आणि तिच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसलो. वर तिला माफही केलं!"

सरोजिनीबाई मटकन खाली बसल्या. दिगंबररावांना वाटलं, आता कुणीतरी चप्पल भिरकावली तरी बरं होईल.

तात्यारावांनी चष्मा पुसला. "काचऱ्या केल्यात का?"

"हो."

"झाकण ठेवून, की न ठेवता?"

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. पाऊण तास चालली. संघाच्या इतिहासात इतकं रंगलेलं व्याख्यान झालं नव्हतं, आणि त्यात निग्रहाचा विषय एकदाही निघाला नाही.

घरी आल्या आल्या सरोजिनीबाईंनी कौशल्याला फोन लावून माफी मागितली. मग त्यांनी एक बटाटा, सुरी आणि केसांचा आकडा नवऱ्यासमोर ठेवला. "कोरा. तिच्यासाठी कार्ड तुम्ही करायचं."

सोमवारी चार वाजता दिगंबररावांनी ते कार्ड कौशल्याच्या हातात दिलं. आत लिहिलं होतं, 'चूक माझी होती. माफ कर.' आणि वर ठसा.

कौशल्याने कार्ड उभं धरलं, आडवं धरलं. "काका, हे मगर काहून काढली?"

"ते कारलं आहे."

"असंन बाप्पा." तिने कार्ड जपून पिशवीत ठेवलं.

दिगंबररावांनी धीर करून विचारलं, "कौशल्या, तुला त्या दिवशी कळलं कसं गं?"

"कढईच्या बुडाशी एक काचरी चिकटेल होती ना! कोयरीवानी. ताईनं पाहू नये म्हून मी तोंडात टाकली." नव्वद दिवसांच्या निग्रहावर शेवटचा शब्द तिचाच होता.

"मीठ कमी होतं, काका."