सुभेदारांचं पान

ग्वाल्हेरच्या दौलतगंजात आमच्या वरच्या मजल्यावर तात्या मोहिते राहतात. जेवायची वेळ झाली की ते दोन पाट मांडतात, दोन्ही पानांभोवती पाणी फिरवतात आणि जिन्यात येऊन हाक मारतात, "सुभेदार, चला, पानं वाढली!" सुभेदार म्हणजे त्यांचा पांढरा बोका. काकू गेल्या, मुलगी सासरी इंदूरला, तेव्हापासून घरात एवढी दोनच माणसं. होय, तात्या त्याला माणसांतच धरतात.

"आम्ही दख्खनेतून आलोय!" हे तात्यांचं आवडतं वाक्य. ऐकणाऱ्याला वाटावं, सकाळच्या गाडीनेच उतरले. प्रत्यक्षात घराणं कित्येक पिढ्या ग्वाल्हेरातच आहे आणि तात्या स्वतः इटारसीच्या खाली कधी उतरलेले नाहीत. पण ऐट अशी, की भाजीवालासुद्धा त्यांना कोथिंबीर अदबीने देतो.

दुसरं वाक्य, "आमच्या घरात पंक्तिप्रपंच नाही." एकाच पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला तेल, हा त्यांच्या लेखी चोरीहून मोठा गुन्हा. म्हणून तात्यांना जेवढं दूध, तेवढंच सुभेदारांना. तेही पाटणकर बाजारातून स्वतः आणलेलं, म्हशीचं, जाड सायीचं.

मध्यंतरी सुभेदारांचं पोट बिघडलं, ते बिघडतच गेलं. बोका पार वाळला. माझी पुतणी रेवा जनावरांची डॉक्टर आहे. तिला घेऊन मी वर गेलो.

"तात्याआजोबा, याचं दूध बंद करा. मोठ्या बिल्लीला दूध हजम नाही होत," ती म्हणाली.

तात्या ताठ झाले. "मांजरानं दूध नाही प्यायचं, तर काय काढा प्यायचा? आमच्या आजोबांपासूनची मांजरं दूध पीत आलीयत!"

"मग बीमार पण पडत आली असतील ना!"

तात्या वादात कधी हरत नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी सुभेदारांच्या खपाटीला गेलेल्या पोटावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "वाचेल ना गं?" हा आवाज मी आधी ऐकला नव्हता.

"दूध बंद केलं तर वाचेल. पाणी पाजा, बस्."

सुभेदार वाचले, पुन्हा गुबगुबीत झाले. मी अभिनंदनाला गेलो, तर समोर काळा चहा आला.

"दूध फाटलं वाटतं?"

"दख्खनेत असाच पितात," तात्यांनी ठोकून दिलं. मग कळलं, घरात दूध येतच नाही. दही नाही, ताक नाही. दसऱ्याला आम्ही दिलेलं श्रीखंडही त्यांनी मोलकरणीला देऊन टाकलं होतं.

"अहो तात्या, मनाई बोक्याला आहे, तुम्हाला नाही!"

"त्यानं शेजारी बसून पाणी प्यायचं आणि मी दूध ओरपायचं? आमच्या घरात हे झालं नाही, होणारही नाही!" छाती फुगवून ते म्हणाले. मग आवाज उतरला. "माझ्या पंगतीला आता दुसरं आहे तरी कोण?"

आमच्या डोक्यावर असा माणूस राहतो, याचा मला फार अभिमान वाटला. त्या रविवारी मी माझं ताट घेऊन वर निघालो. दह्याची वाटी तेवढी काढून खालीच ठेवली. तात्यांनी तिसरा पाट मांडला, पाणी फिरवलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "सुभेदार, जरा सरकून बसा, आज पंगत आहे!"